नंदू, तुझी डिस्क कुणाच्या हाती देऊ?

नंदू,

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी तळासरीला तुझ्या स्टुडिओचं शटर उघडायला गेले. ते शटरही तुझ्यासारखंच. अर्ध्यावर येऊन अडतं आणि शिवी दिल्याशिवाय वर सरकत नाही. तू घालायचास ती शिवी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेच्या तोंडी शोभणारी नव्हती, म्हणून मी नुसतीच लाथ मारली. ती लागू पडली. आत सगळं तू ठेवलंस तसंच होतं. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, कपाच्या तळाशी वाळलेला चहा, भिंतीवर गुलाबांच्या कमानीचा तो भयंकर पडदा. आणि टेबलावर स्वच्छ रुमाल पसरून त्यावर ती काळी हार्ड डिस्क आणि शेजारी तुझे बारीक स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडलेले. घरात माणसं होती तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं.

कारण मला कळलं की तू रविवारची तयारी करून ठेवली होतीस.

आठवतं ना आपलं भांडण? सरावलीच्या घरात आपण बहीण-भाऊ दोघंच. यजमान गेल्यावर मी परत आले, आणि गावोगावच्या लग्नांत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या तुला स्वतःच्या लग्नाला काही सवड झाली नाही. त्यामुळे भांडायला आपल्याला तिसरं माणूस कधी लागलंच नाही. त्या सकाळी तू चहा पिताना म्हणालास की डिस्क लावली की टक-टक आवाज येतोय आणि कॉम्प्युटरला ती दिसत नाही. मी म्हटलं, मुंबई-ठाण्याकडे अशी कामं करणाऱ्या कंपन्या असतात, पाठवून दे. तू म्हणालास, त्यांना काय वेगळी बोटं असतात का, रविवारी उघडून बघतो, आपला हात जगन्नाथ. मी म्हटलं, हा मिक्सर नाही. तू म्हणालास, मिक्सरच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. खरं होतं ते. आपल्या घरातला मिक्सर, पंखे, माझ्या शाळेचा प्रोजेक्टर, सगळं तुझ्याच हातून जिवंत झालेलं. मग मी म्हटलं की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, आणि वाद तिथेच राहिला. शनिवारी सकाळी तू उठलाच नाहीस.

लोक म्हणतात, बरं झालं त्याने उघडली नाही. मीही मान डोलावते. पण तुला म्हणून सांगते, ती तू उघडली असतीस, सगळी वाट लावली असतीस, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून निर्लज्जपणे "गेलं बाबा" म्हणाला असतास, तर मला आनंदाने चाललं असतं.

पण ती डिस्क नुसती आपली नव्हती. तेराव्याला रानशेतहून सुकरीबाय आली होती. जयवंतीची आई. जयवंती माझी विद्यार्थिनी, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात, पाढे म्हणताना डोळे घट्ट मिटून घ्यायची. सुकरीबायने पदरात बांधून वाल आणले होते आणि बरोबर नात होती, रोशनी. म्हातारी तुझ्या फोटोसमोर बराच वेळ बसली. मागितलं काहीच नाही. अशा घरात कुणी काही मागतं का? पण रोशनीला तेवढी रीत कुठून माहीत. तिने मला सरळ विचारलं, "बाई, दादानी माझे आयचा आवाज काढून ठेवला काय?"

सुकरीबायने तिच्या पाठीत धपाटा घातला. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, बघते.

जयवंतीच्या लग्नाचं शूटिंग तूच केलं होतंस. आपल्या भागात तुझ्या कॅमेऱ्याला जे दिसायचं ते पुण्याकडच्या फोटोग्राफरला समजावून सांगावं लागेल. दोघं एकत्र राहू लागतात, संसार मांडतात, पोरं होतात, आणि मांडव पडतो तो सवडीने, जमेल त्या वर्षी. जयवंती बोहल्यावर चढली तेव्हा रोशनी तिच्या कडेवर होती, अंगात मोठ्या मापाचा नवा फ्रॉक. पुढे दोन पावसाळ्यांनी जयवंती आजारात गेली. तिचा नवरा कामासाठी वापीकडे असतो, पोर आजीकडे वाढते आहे. आणि त्या पोरीकडे आईचं म्हणून काय आहे, तर तू बनवून दिलेली लग्नाची फिल्म.

त्या फिल्मवरून आपण किती भांडलो असू. फक्त तिच्या नव्हे, तुझ्या सगळ्याच फिल्मवरून. मांडवातला खरा आवाज काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. तळासरीपासून डहाणूपर्यंत सगळेच करतात म्हणून तूही करायचास. नवरा-नवरी बर्फात उभे, वरून बदाम आणि गुलाब पडतायत, आणि खाली आपल्याच भाताच्या खाचरात वाजणारा ढोल मुका. मी म्हणायचे, अरे, बायकांची गाणी ठेव, हसणं ठेव, माणसांचे आवाज ठेव. तू म्हणायचास, ताई, लोकांना कुत्र्याचं भुंकणं आणि मटणावरची भांडणं पैसे देऊन ऐकायची नसतात. आणि कच्चं शूटिंग? ते तू पुसून टाकायचास, असंच सांगायचास. ठेवायला माझं काय गोदाम आहे, म्हणायचास.

त्या फिल्ममध्ये एका जागी जयवंती कडेवरच्या रोशनीकडे वळते आणि तिला काहीतरी म्हणते. तिचे ओठ हलताना दिसतात. वर गाणं चालू. रोशनी ती जागा पुन्हा पुन्हा लावते, तोंड पडद्याला लावते, आणि आजीला विचारते, आय काय म्हणते? आजी कधी सांगते, तुला गोड म्हणते. कधी सांगते, शाळेत जा म्हणते. पोरगी हुशार आहे, आजीची उत्तरं बदलतात हे तिच्या लक्षात आलं. म्हणून म्हातारी तुझ्याकडे आली होती, आणि तू तिला म्हणालास की कच्चं आहे माझ्याकडं, काढून देतो. हे तू मला चहावर सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, तू तर पुसतोस ना? तू म्हणालास, राहून गेलं असेल. आणि बिस्किट बुडवायला लागलास.

तर तुझा शब्द असा माझ्या अंगावर पडला.

डहाणू रोडच्या मोबाईलवाल्याकडे आधी गेले. त्याने डिस्क कानाशी धरून हलवली आणि सल्ला दिला की प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, गार झाली की एकदा चालते. मी म्हटलं, कोळंबी आहे का ही? मग कुणी वापीचा पत्ता दिला. माणूस भला होता, तुला ओळखतही होता, तुझ्यासाठी हळहळला. दुकान हायवेला लागून, ट्रकची धूळ थेट आत, वर पंखा गरगरतोय, टेबलावर भज्यांचा कागद. त्याने तो कागद बाजूला सारला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. "खोलीने जोई लईए ने, बेन," म्हणाला, म्हणजे उघडूनच बघू या ना. अगदी तुझाच सूर होता तो. क्षणभर वाटलं, देऊन टाकावी. मग आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवलं. दवाखान्याच्या पडवीत बसवून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला वाजत असताना कुणी डोळा उघडला असता का? मी डिस्क त्याच्या हातातून परत घेतली. त्याला राग आला नाही, फक्त वाईट वाटलं, आणि मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

मग फोन सुरू केले. एका मोठ्या नावाच्या जागी एका गृहस्थाने माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच शंभर टक्के डेटा मिळेल म्हणून सांगून टाकलं. इतकी वर्षं वर्गात घालवली आहेत मी. प्रश्न पुरा व्हायच्या आधी ज्याचा हात वर जातो त्याचं उत्तर काय असतं ते मला माहीत आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी विचारलं, डिस्क तुम्ही स्वतः उघडता की पुढे आणखी कुणाकडे पाठवता? तो म्हणाला, मॅडम, ते आमच्यावर सोडा. मी सोडलं नाही, फोन ठेवला.

ठाण्याच्या एका बाईंनी मात्र उलट मलाच प्रश्न विचारले. आवाज कसा येतो, पडली होती का, पाणी लागलं का, आवाज यायला लागल्यावर किती वेळा लावून पाहिली, कुणी उघडली का. मी तुझी रुमालावरची मांडणी सांगितली. त्या म्हणाल्या, उघडली नाही ना, मग आशा आहे, पण आता कुणीही कितीही आग्रह केला तरी लावू नका, प्रत्येक वेळी आत ओरखडा पडत असेल. मिळेल का, असं विचारलं तर म्हणाल्या, पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार. नंदू, तेवढ्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. पुढे त्यांनी सांगितलं की काय मिळतंय त्याची यादी आधी दाखवतील, पटलं तरच पुढचं काम, काहीच निघालं नाही तर काही घेणार नाहीत, आणि हे सगळं लिहून देतील. लोकांची घरची चित्रं आहेत, बाहेर जाणार नाहीत, हेही मी न विचारता त्यांनीच सांगितलं. डिस्क कुठे उघडता, हे विचारल्यावर म्हणाल्या, येऊन बघून जा.

वाणगावच्या महेशने गाडी काढली. तुझा दोस्त, तुझ्या शूटिंगचा लाइटमन. डिस्क मी तुझ्या जुन्या सुती शर्टात गुंडाळून डब्यात घातली होती आणि डबा मांडीवर. खड्डा आला की महेश गाडी इतकी हळू घेई, जणू मागे बाळंतीण बसली आहे. तिथे काचेच्या पलीकडे एक छोटी खोली पाहिली. आत जाणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. त्या बाईंनी समजावलं की आतली वाचणारी सुई म्हणा हवं तर, ती मोडली आहे, अगदी तशाच दुसऱ्या डिस्कची काढून बसवायची आणि ती टिकेल तेवढ्यात सगळं उतरवून घ्यायचं. मला वाटलं, हे बघायला तू हवा होतास. काचेला नाक लावून उभा राहिला असतास, प्रश्न विचारून त्यांना भंडावलं असतंस, आणि परतताना गाडीत म्हणाला असतास की एवढं काही कठीण नाही, आपणही अशी खोली करू.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. डिस्क वाचू लागली होती. फोल्डरांची नावं दिसत होती, त्यांनी ती मला पाठवली. ती वाचताना मी तुला मोठ्याने नावं ठेवली, महेश साक्षीला आहे. लबाडा, तू काहीच पुसलं नव्हतंस. लग्नामागून लग्न, गावाचं नाव, नवरीचं नाव, आणि पुढे "कच्चं". सगळे मुके केलेले मांडव तू आवाजासकट जपून ठेवले होतेस आणि माझ्यासमोर बसून वर्षानुवर्षं नाही म्हणत होतास. त्या यादीतच "जयवंती कच्चं" होतं. आणि सगळ्यात खाली एक फोल्डर होता, त्याला नुसतं नाव होतं, "ताई".

बाई म्हणाल्या, सुई कमजोर आहे, कधी थांबेल सांगता येत नाही. सगळं निघेलच असं नाही. सगळ्यात आधी काय काढू?

मी त्यांना म्हटलं, थोड्या वेळाने सांगते, आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. तुझं हलतं-बोलतं चित्र माझ्याकडे एकही नाही, नंदू. कॅमेऱ्याच्या मागे आयुष्य गेलं तुझं. कुणी तुझा फोटो काढायला गेलं की अँगल चुकतोय म्हणून कॅमेरा हातातून घ्यायचास. तेराव्याला लावलेला फोटोसुद्धा आधार कार्डाचा मोठा करून घेतलेला, त्यात तू चोरासारखा दिसतोस. "ताई" मध्ये काय होतं रे? माझ्या निरोप समारंभाचं शूटिंग? की आई असतानाचं काही, ज्यात तू आहेस? मला तो फोल्डर सगळ्याच्या आधी हवा होता. मी म्हणाले असते, आधी तो काढा, तर मला कुणी नाव ठेवलं नसतं. सुकरीबायने तर नाहीच.

पण मला ठाऊक होतं, तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास. तू म्हणाला असतास, गिऱ्हाइकाचं आधी. घरचं काम पडून राहिलं तरी तुझं हेच. त्यावरूनही आपण भांडायचो. मी फोन लावला आणि सांगितलं, जयवंती.

जयवंती निघाली. तिच्यामागून आणखी दोन-तीन घरचं कच्चं अर्धंमुर्धं आलं. मग ती सुई थांबली, आणि परत चालली नाही. बाईंनी फार हळव्या आवाजात सांगितलं, "ताई" मधलं काहीच आलं नाही; त्या नावावरून त्यांना काय ते कळलं असावं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतंत, तुमची काही चूक नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी तुझ्या शर्टात तोंड खुपसलं.

मिळालेलं मी आधी पाहिलं नाही. ते पोरीचं होतं. लॅपटॉप घेऊन रानशेतला गेले. सुकरीबायने अंगण सारवून ठेवलं होतं, जणू पाहुणा यायचा होता. रोशनी माझ्या मांडीला टेकून बसली आणि मी ते लावलं.

आधी ढोल आला. मग कुत्रं भुंकलं, आणि मागे दोन माणसं मटणावरून भांडत होती. तू म्हणायचास तसंच, अगदी तंतोतंत. बायका गात होत्या. सुकरीबाय आवाज ओळखून एकेकीचं नाव घेऊ लागली. तेवढ्यात चित्र जयवंतीवर आलं आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, तू बोललास.

"जयवंती, पोरीशी बोल गं. मोठ्यानं बोल. आमची ताई म्हणते आवाज ठेव. वर गाणं टाकतो मी, पण खालचं पुसत नाही. तिला सांगू नको, डोक्यावर बसेल."

जयवंती हसली. मग रोशनीकडे वळली, आणि लाजत, पण तू सांगितलंस तशी, मोठ्याने म्हणाली, "रोशे, भूक लागली काय तुला? थांब हां, इतका फोटू झाला का आपुन भात खाऊ."

माझ्या मांडीशी रोशनी म्हणाली, "हां."

सुकरीबाय उठली, आत गेली, आणि भाताचं ताट घेऊन आली. पोरीने लॅपटॉपवरची नजर न काढता जेवायला सुरुवात केली.

वाद मी जिंकले, नंदू. कित्येक वर्षांपूर्वीच जिंकले होते, आणि तू ते त्या मांडवात, माझ्या विद्यार्थिनीपाशी कबूल करून मोकळा झाला होतास. घरी येऊन मात्र बिस्किट बुडवत बसायचास. आता मी बसायचं म्हटलं तरी तुझं डोकं कुठे आहे? "ताई" मध्ये काय होतं ते मला कधीच कळणार नाही आणि त्याचं दुःख मी लपवणार नाही, ते राहील. पण मी मागितलं नव्हतं ते तुझं बोलणं दुसऱ्याच्या पोरीच्या आवाजाला लागून माझ्याकडे आलं. आधी जयवंती म्हटलं म्हणून आलं.

भाताचा हात फ्रॉकला पुसत रोशनीने विचारलं, बाई, परत लावू?

मी म्हटलं, लाव. जरा मागून लाव, दादा बोलतो तिथून. आणि आवाज वाढव.